नाव आणि हकिकत : गावाच्या वीरस्मारकाची कुळकथा

नांदेड-लातूरकडच्या गावांत मारुतीच्या देवळापाशी बहुधा पार असतो, पारावर पिंपळ असतो. पुष्कळ ठिकाणी देवळाच्या भिंतीला टेकलेले किंवा कमरेपर्यंत जमिनीत गेलेले दोन-चार काळे दगडही असतात. त्यांच्यावर शेंदराचे थर चढलेले असतात. पोळ्याला बैल मारुतीला आणतात तेव्हा याच दगडांना वळसा घालून नेतात. गावातल्या जाणत्या माणसाला विचारले तर तो म्हणतो, ‘वीर हाय त्यो.’ कोण वीर, कोणत्या लढाईतला, हे विचारले की तो मान हलवतो.

त्याच गावात ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात दुसरा एक दगड असतो. तो गुळगुळीत आणि नवा असतो, त्यावरची अक्षरे रंगवलेली असतात. नाव स्वच्छ वाचता येते. पण त्या नावाच्या माणसाने नेमके काय केले, तो कुठे आणि कसा पडला, हे विचारले तर शाळेतली पोरे गुरुजींकडे बघतात.

गावाने आपल्या लढवय्यांची आठवण कशी ठेवली याची कुळकथा या दोन दगडांमध्ये आहे. जुन्या दगडाने हकिकत जपली आणि नाव हरवले. नव्याने नाव कोरले, पण हकिकत सोडून दिली.

आधी जुन्या दगडाकडे जाऊ. याला वीरगळ म्हणतात. हा शब्द कन्नडातून आला, तिकडे ‘कल्लु’ म्हणजे दगड. शब्द तिकडून यावा यात नवल नाही. बदामी-मान्यखेटाच्या राजवटींपासून कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत हा सगळा मुलूख कन्नड-मराठी सरमिसळीचा होता. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कंधारला राष्ट्रकूटांच्या खुणा आजही आहेत, देगलूर तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यकालीन देवळे आहेत आणि कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, निलंग्यापासून फार दूर नाही. पडलेल्या वीरासाठी दगड उभारायची चाल त्याहूनही जुनी आहे. तमिळ प्रदेशात त्याला ‘नडुकल’ म्हणत आणि संगम साहित्यात त्याची वर्णने येतात. गुजरात-कच्छात त्याचेच भावंड ‘पाळिया’ म्हणून उभे आहे. महाराष्ट्रात शिलाहार-यादवांच्या काळात वीरगळांची मोठी रेलचेल झाली आणि पुढेही काही शतके ते घडत राहिले.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. त्याच्या शेजारी पुष्कळदा गायींची रांग असते. ती असली की समजावे, हा माणूस गावची जनावरे सोडवताना मेला. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई असते : हातात ढाल-तलवार किंवा धनुष्य, समोर शत्रू, कधी घोडेस्वार. तिसऱ्या चौकटीत दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला हाताला धरून वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, शेजारी पुजारी असतो. माथ्यावर कलश असतो आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील, ही त्या दगडाची ग्वाही. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हा दगड वाचता येत असे. कशासाठी लढला, कोणाशी लढला, कसा पडला, आणि गावाने त्याला कुठे नेऊन बसवले, हे सगळे त्यात होते. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ही मारणाऱ्या जहाजांची रांग आहे. तिथली लढाई पाण्यावरची, म्हणून दगडावर जहाजे आली. कारागिराने ठरीव साचा वापरला तरी प्रसंग खरा ठेवला.

गायी इतक्या वेळा का येतात? कोरडवाहू मुलखात धान्य एका पावसावर अवलंबून असे. जनावर ही चालती-बोलती मिळकत होती. नांगर त्याच्यावर, मोट त्याच्यावर, खत त्याचे, दूध त्याचे. शत्रूने गाव बुडवायचे म्हटले तर तो आधी गुरे हाकून नेई. गुरांमागे धावणारा माणूस हा राजाच्या फौजेतला शिपाई असेलच असे नाही. तो गावचा राखणदार, गुराखी, शेतकरी, कोणीही असू शकत होता. म्हणून वीरगळ हा राजाने उभारलेल्या विजयस्तंभाहून वेगळा आहे. राजाचा स्तंभ जिंकल्याचा असतो, वीरगळ पडलेल्याचा.

दगडाबरोबर पोटापाण्याची सोयही होत असे. कन्नड शिलालेखांत ‘नेत्तर कोडगी’ म्हणून रक्ताच्या मोबदल्यात दिलेल्या जमिनीचे उल्लेख आहेत. ती पडलेल्या वीराच्या घराला मिळे. मराठेशाहीच्या कागदांत ‘बालपरवेशी’ हा शब्द येतो. लढाईत बाप गेला तर लेकरे वाढवण्यासाठी जे नेमून दिले जाई ते बालपरवेशी. आठवण आणि आधार या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या नव्हत्या. दगड बघून फक्त हात जोडून भागत नसे, त्या घराची चूलही पेटती ठेवावी लागे.

मग या दगडांचे काय झाले? महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर नाव नाही. कर्नाटकात लेख असलेले वीरगळ विपुल आहेत, इकडे ते तुरळक. गावाला नाव तोंडपाठ होते, म्हणून कोरायची गरज वाटली नसावी. पण तोंडपाठ गोष्ट दोन-चार पिढ्यांत पुसली जाते. नाव गेले आणि शेंदूर आला. वीर देव झाला. कोणी त्याला म्हसोबा म्हणाले, कोणी विरोबा. काही दगड देवळाच्या डागडुजीत पायरीला किंवा ओट्याला बसवले गेले. पंढरपूरच्या विठ्ठलाचे मूळ गायींसाठी प्राण दिलेल्या वीराच्या पूजेत शोधावे, असा विचारही काही अभ्यासकांनी मांडला आहे. एस. शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ साली धारवाडहून भारतातल्या स्मृतिशिळांवरचा मोठा ग्रंथ संपादित केला. तेव्हापासून या दगडांकडे इतिहासाचा कागद म्हणून बघण्याची दृष्टी बळावली. गावात मात्र तो अजून देवच आहे. देवपण मिळाले म्हणून तो टिकला हे खरे, पण माणूस म्हणून तो हरवला हेही तितकेच खरे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर औसा, निलंगा आणि शेजारच्या उमरगा तालुक्यांतली कितीतरी गावे नव्या जागी, आखीव रस्त्यांवर वसवली गेली. माणसे वाचवायची होती, घरे उभारायची होती. अशा वेळी जुन्या गावठाणातल्या पारावरचे दगड मोजायला कोणाला सवड असणार? जी आठवण कागदावर किंवा अक्षरात नव्हती, ती जागेबरोबर सुटली. वीरगळाची हीच उणीव होती. तो जागेला आणि सांगणाऱ्याच्या तोंडाला बांधलेला होता.

दगडावर सामान्य शिपायाचे नाव येण्याची पद्धत आपल्याकडे मोठ्या प्रमाणात इंग्रजी अमदानीत आली. तोवर लढाया कमी झाल्या नव्हत्या. ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. इतिहासात भाऊंचे नाव आहे, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचेही आहे. त्या मैदानात पडलेल्या हजारोंचे नाव कुठेच कोरलेले नाही. भीमा कोरेगावचा स्तंभ इथे वेगळा ठरतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला आणि त्यावर शिपायांची नावे कोरली. त्यांत ‘नाक’ने संपणारी महार शिपायांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. कोरलेले नाव किती काळ जिवंत राहते आणि किती लोकांना उभे करते, हे त्या स्तंभापुढे आजही दरवर्षी दिसते.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबई इलाख्यातल्या गावागावांत सरकारने पाट्या लावल्या. सातारा-रत्नागिरीकडे त्या अजून आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, म्हणून ते गाव अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखले जाते. या पाट्यांची एक मोठी गोष्ट अशी, की त्यांनी परत आलेल्यांनाही मोजले. उणीव अशी, की त्यांनी फक्त मोजले.

नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्या जवळच हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला होत्या. त्या फौजेच्या वारशातले डेक्कन हॉर्स हे घोडदळ १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणात भाले घेऊन दौडले. त्याच फौजेच्या पायदळाच्या वारशातून आलेल्या हैदराबाद रेजिमेंटचे नाव १९४५ साली बदलून कुमाऊं झाले आणि त्या पायदळावरून हैदराबादचे नाव उतरले. निजामाच्या लान्सर्सचे स्मारक दिल्लीत आहे. तिथल्या तीन मूर्तींपैकी एक हैदराबादची, दुसऱ्या दोन जोधपूर आणि म्हैसूरच्या. हे स्मारक १९२२ चे. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर तर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली, पण साध्या भारतीय शिपायांची फक्त संख्या आली. ज्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने सर्वांना समान सन्मान देण्याचे ठरवले होते, त्याच आयोगाने २०२१ साली अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला. मेल्यानंतरही माणूस आकडा होतो तेव्हा त्याच्या गावाचे काहीतरी कायमचे हिरावले जाते.

मराठवाड्यातल्या गावाला स्वतःचे, नावानिशी स्मारक मिळाले ते निजामाच्या राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामामुळे. ही लढाई दूर कुठे फ्रान्सात किंवा मेसोपोटेमियात झाली नाही. ती गढीत, शिवारात, रेल्वे स्टेशनावर, नदीच्या उतारावर झाली. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ या लढ्यातले गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. ७ ऑगस्ट १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्याचा लढा पुकारला. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातुरात वकिली केलेला माणूस. संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे उमरखेडसारख्या गावी स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी ताब्यात घेतली. लाखो रुपये उमरखेडच्या कॅम्पात नेले, त्याचा हिशेब ठेवला आणि पुढे तो सरकारला दिला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीचे लोक गढीच्या आसऱ्याने रझाकारांशी लढले. उदगीरजवळचे हत्तीबेट सशस्त्र तुकड्यांचा आसरा होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजेने कारवाई केली, तिलाच ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. म्हातारी माणसे आजही कॅलेंडरातले साल सांगत नाहीत, ‘रझाकारीत’ किंवा ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी’ असे सांगतात.

या लढाईची स्मारके चार पिढ्यांत चार प्रकारे उभी राहिली. पहिली आली ती शाळा-कॉलेजांच्या रूपात. उदगीरचे आर्य समाजी वकील भाई श्यामलाल १९३८ साली बिदरच्या तुरुंगात वारले. उदगीरच्या शाळेच्या नावातच ‘श्यामलाल स्मारक’ आहे. अर्जापूरला हुतात्मा पानसरे महाविद्यालय आहे, हिमायतनगरला हुतात्मा जयवंतराव पाटील महाविद्यालय. नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर सुरू झाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. निजामी राजवटीत मराठी शाळेसाठी झगडावे लागले होते, म्हणून पडलेल्याच्या नावाने शाळा काढणे ही या मुलखाची स्वतःची, अस्सल स्मारकपद्धत आहे. वीरगळाबरोबर जशी जमीन येई, तसे इथे हुतात्म्याच्या नावाबरोबर पोरांचे शिक्षण आले.

दुसरी पद्धत १९७२ ची. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात देशभर तालुक्याच्या ठिकाणी दगडी स्तंभ उभारले गेले. एका बाजूला राज्यघटनेचे प्रास्ताविक, दुसऱ्या बाजूला त्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावे. पंचायत समितीच्या आवारात ते अजून सापडतात. तिसरी पद्धत १९८० नंतरची. अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर सुमारे दोनशे हुतात्मा स्मारके बांधण्याचे ठरले. एकाच नमुन्याची छोटी इमारत, बाहेर स्तंभ, आत सभागृह. गावाला वाचनालयासाठी, बैठकीसाठी जागा व्हावी हा हेतू चांगला होता. जिथे गावाने ती जागा वापरली तिथे ती टिकली. जिथे किल्ली कोणाकडे आहे हेच कळेनासे झाले, तिथे फरशा उखडल्या आणि नावांवरचा रंग उडाला.

चौथी पद्धत अगदी कालची, २०२३ ची. ‘माझी माती, माझा देश’ या मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. त्यावर स्वातंत्र्यसैनिकांबरोबर सेनादलांतले, निमलष्करी दलांतले आणि पोलिसांतले कर्तव्यावर मृत्यू आलेले जवानही आले. गावोगावची माती कलशांतून दिल्लीला गेली. स्वातंत्र्यलढ्यातला हुतात्मा आणि सीमेवरचा जवान एकाच पाटीवर आले, ही या फलकाने केलेली मोठी गोष्ट आहे. दिल्लीत २०१९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय युद्धस्मारक झाले, तिथे ग्रॅनाइटच्या विटांवर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. त्यात मराठवाड्यातला जवानही आहे. पण दिल्लीच्या विटेवर त्याचे शिवार नाही. ते फक्त गाव लिहू शकते.

इथे कुळकथा आजच्या दगडापर्यंत येते आणि उणीव उघडी पडते. शिलाफलकावर नाव आहे. त्याखाली तो कधी जन्मला, कोणत्या पलटणीत होता, कुठे पडला, हे सहसा नाही. वीरगळाचा अनाम कारागीर जे चार चौकटींत सांगू शकला, ते आपल्याला छापील अक्षरांचा एवढा सुकाळ असताना सांगता येत नाही, ही शरमेची गोष्ट आहे. शिवाय आपला फलक फक्त मेलेल्यांचा आहे. १९६५, १९७१ किंवा कारगिल लढून परत आलेला माजी सैनिक गावात शेती करतो, बँकेच्या दारात पहारा देतो, ग्रामसभेला मागे बसतो. त्याच्या जाण्याची वाट बघून मग पाटी करायची, ही रीत बरोबर नाही. महायुद्धाच्या पाट्यांनी निदान गेलेल्या सगळ्यांची संख्या तरी लिहिली होती.

हकिकत लिहायची तर ती पुरी लिहावी लागते. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावे घेतली आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तो अहवाल दशकानुदशके दडपलेला राहिला. मुक्तिसंग्रामात ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना भारतात विलीन होण्याची बाजू घेतली म्हणून २२ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादेत मारले गेले, हेही त्याच इतिहासात आहे. लढणाऱ्यांचा मान राखणे आणि निरपराध मेलेल्यांना विसरणे, या दोन गोष्टी एकत्र चालू नयेत. ज्या गावाची हकिकत खरी असते, त्याच्या स्मारकाला कोणी आव्हान देऊ शकत नाही.

हे काम मोठ्या निधीचे नाही. साधने हाताशी आहेत. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची नोंद असते. तहसीलमध्ये स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाचे कागद असतात. गावात ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत, ज्यांनी लहानपणी रझाकारीची पळापळ पाहिली किंवा आईबापांकडून ऐकली. शाळेत भ्रमणध्वनी हाताळणारी पोरे आहेत. या सगळ्यांची गाठ घालून दिली पाहिजे.

म्हणून नांदेड-लातूरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि प्रत्येक शाळेला एक आग्रहाची विनंती आहे. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर फलकावरचे एकेक नाव मोठ्याने वाचा आणि त्या नावापुढे दहा ओळींची हकिकत लिहून घ्या : घर कोणते, वय किती, कशासाठी गेला, कुठे लढला, कसा पडला किंवा कसा परतला, मागे कोण राहिले. जे परत आले आहेत त्यांना पुढे बसवा आणि त्यांच्याच तोंडून ऐका. मारुतीपुढच्या वीरगळाचा शेंदूर गावाच्या संमतीने जपून उतरवता आला तर त्याच्या चौकटींचे फोटो काढा, नाहीतर आहे तसा फोटो काढून जागेची नोंद करा. ही सगळी पाने शाळेच्या दप्तरात एक आणि ग्रामपंचायतीत एक अशी दोन ठिकाणी ठेवा. हे झाले तरच फलकावरच्या अक्षरांना स्मारक म्हणता येईल.